शिकाऱ्याचे श्राद्ध

नाशिक शहरातून गोदावरीच्या उजव्या अंगाने गंगापूरकडे जो रस्ता जातो, त्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या आम्हां लोकांस अलीकडे एका पाहुण्याची सवय करून घ्यावी लागली आहे. हा पाहुणा म्हणजे बिबळ्या. रस्त्याच्या दुतर्फा आता उंच इमारती, महाविद्यालये व उपाहारगृहे उभी राहिली असली, तरी नदीकाठची झाडी, नाल्यांच्या घळी आणि आनंदवल्लीच्या पुढे लागणारे मळे ही त्याची जुनी वाट अद्याप पुरती मोडलेली नाही. ता. २५ जानेवारी २०१९ रोजी तो सावरकरनगरात शिरला व त्याने एका नगरसेवकास आणि दोन वृत्तप्रतिनिधींस जखमी केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्याच रस्त्यालगतच्या वसाहतींत तोच प्रकार पुन्हा घडला, आणि त्या वेळच्या जखमींत वनखात्याची माणसेही होती. दोन्ही वेळा जनावर बेशुद्ध करून नेण्यात आले. आणि दोन्ही वेळा, दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर, एक सुस्कारा आमच्या कानी आला. तो असा की, पूर्वीचे शिकारी आता राहिले नाहीत!

ह्या सुस्काऱ्याविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे. तो टाकणारे गृहस्थ बहुधा सज्जन असतात, वाचनाची आवड असलेले असतात, आणि त्यांच्या मनांत जो शिकारी उभा असतो तो त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नसतो. तो त्यांस छापील कागदावर भेटलेला असतो. म्हणजे आमचे भांडण बिबळ्याशी नाही, बंदुकीशीही फारसे नाही. ते ह्या छापील कागदाशी आहे, आणि म्हणूनच ते वाङ्मयाच्या मासिकात मांडण्यास हरकत नसावी.

नामांकित शिकारी वारला म्हणजे त्याच्यावर जो लेख येतो, तो एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. इंग्रजीत तो पिकला आणि आपल्याकडील लेखकांनी त्याचे बी तेथूनच आणले. त्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. बाळपणी हाती आलेली पहिली बंदूक. पहिला चित्ता किंवा पहिले रानडुक्कर. मग आकडा, कारण आकड्यावाचून शिकाऱ्याची थोरवी सिद्ध होत नाही. मग जिवावर बेतलेला एक प्रसंग. मग खेडुतांची त्याच्यावरील अपार भक्ती. आणि शेवटी, उतारवयात, त्याने बंदूक खुंटीला टांगून हाती कॅमेरा घेतला व तो वन्य जीवांचा कैवारी झाला, ही गोष्ट. हा शेवटचा परिच्छेद कधी चुकत नाही. वाल्याचा वाल्मीकी करण्याची ही हौस आम्हांस समजते. फरक इतकाच की वाल्याने वारूळ अंगावर वाढू दिले होते, आणि येथे एक छायाचित्र पुरते.

ह्या साच्यात कोणती वस्तू बसत नाही, हे पाहण्यासाठी आम्ही एक जुना व मोठा शिकारी घेतो. तो आमच्या शेजारचाच आहे. जेम्स आउट्रम हे नाव १८५७ च्या इतिहासात लखनौच्या वेढ्याच्या संबंधाने सर्वांनी वाचलेले असते. पण त्या आधी, १८२५ पासून दहा वर्षे, हा मनुष्य खानदेशात होता. आज आपण ज्यास नाशिक जिल्हा म्हणतो तो १८६९ साली झाला; मालेगाव व बागलाण हे भाग तोवर खानदेशातच मोडत. आउट्रमच्या नावाचा पहिला गवगवा झाला तोही बागलाणातच, मुल्हेरच्या किल्ल्यावर थोड्याशा शिपायांनिशी रात्री अचानक चालून जाऊन तेथील बंड मोडल्यामुळे. पुढे धरणगावास ठाणे करून त्याने भिल्लांची पलटण उभारली. ही पलटण उभारताना त्याने जे साधन वापरले ते म्हणजे शिकार. भिल्लांबरोबर तो पायी रानात शिरे, त्यांच्याबरोबर वाघाचा माग काढी, आणि अशा रीतीने कालपर्यंत इंग्रजांच्या चौक्या लुटणारे लोक त्याच्या हाताखाली शिपाई म्हणून उभे राहिले. त्याच्या चरित्रकाराने, गोल्डस्मिडने, १८८० साली दोन खंडांत त्याचे चरित्र छापले. त्यात त्या दहा वर्षांचा हिशेब दिला आहे: आउट्रम हजर असताना मारले गेलेले वाघ १९१. अस्वले, बिबळे व रानरेडे वेगळे.

एकशे एक्क्याण्णव! हा आकडा आजवर किती लेखांतून फिरला असेल त्याची गणती नाही. त्याच्या कबरीस वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली, कलकत्त्याच्या मैदानावर त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि त्याच्या प्रत्येक गुणवर्णनात हे वाघ शेपटीसह हजर राहिले.

कोणी म्हणेल, १८२५ च्या मनुष्यास आजच्या न्यायासनापुढे खेचणे हा कोठला न्याय? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही त्यास खेचीतही नाही. शतकाच्या आरंभीच्या होळकरी धामधुमीने आणि पाठोपाठ आलेल्या १८०४ च्या दुष्काळाने खानदेश उजाड झाला होता. गावेच्या गावे ओस पडली, पांढरीवर रान माजले, आणि जेथे नांगर चालत होता तेथे वाघ फिरू लागला. १८१८ नंतर जी माणसे परत येऊन वसली त्यांस वाघ मारणारा कोणीतरी हवा होता. आउट्रम शूर होता हेही खोटे नाही. आमची तक्रार त्याच्या बंदुकीविषयी नसून त्याच्या जमाखर्चाविषयी आहे. १९१ वाघ मारणारा तो एकटा कसा?

हाका म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वाघ कोठे आहे हे साहेबास ठाऊक नसते. पहाटे नाल्याच्या ओल्या वाळूतील पाऊल पाहून ते ताजे की शिळे, नराचे की मादीचे, हे ठरविणारा एक मनुष्य असतो. आदल्या रात्री रेडकू बांधून ठेवणारा दुसरा असतो, आणि ते मारले गेले का, हे पाहावयास उजाडताच जाणाराही तोच. त्या वेळी वाघ शेजारीच पोट भरून पडलेला असावयाचा. मग गावची पन्नास-शंभर माणसे अर्धचंद्राकार उभी करावयाची. बाजूस फुटणाऱ्या वाघास वळविण्यासाठी काहींस झाडांवर बसवावयाचे. बाकीच्यांनी डबे, ढोल वाजवीत, आरोळ्या देत, झुडपे झोडपीत वाघाच्या अंगावर चालून जावयाचे, आणि त्यांच्या हाती असते काठी, फार तर कुऱ्हाड. बंदूक असते ती दुसऱ्या टोकाला, मचाणावर. वाघ उलटला तर तो काठीवर उलटतो. आणि गोळी लागून वाघ जखमी झाला व गचपणात शिरला, तर रक्ताचा माग काढीत पुढे कोण चालतो? मागे बंदूक असते हे खरे. पण माग काढणाऱ्याची नजर जमिनीवर असते आणि वाघाची त्याच्यावर. कित्येक संस्थानांत ही सारी माणसे वेठीने आणलेली असत. पेरणीचे दिवस असोत की कापणीचे, दरबारची शिकार निघाली की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे.

आता आउट्रमच्या आयुष्यातील जो प्रसिद्ध प्रसंग, तो पाहा. १८२५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. टेकडीच्या अंगास निवडुंगात वाघ आहे, अशी खबर आली. आउट्रम पायी निघाला. त्याचा एक सोबती घोड्यावर होता. सोबत्याने गोळी झाडली ती चुकली, आणि वाघ झेप घेऊन आउट्रमवर पडला. दोघे एकमेकांस बिलगून उतारावरून गडगडत गेले. क्षणमात्र सुटका होताच आउट्रमने कमरेचे पिस्तूल काढून वाघास ठार केले. भिल्ल शोक करू लागले, तेव्हा मांजराच्या बोचकारण्याची काय मातब्बरी, अशा अर्थाचे काही बोलून त्याने त्यांस गप्प केले. प्रसंग खरोखर थोर आहे. वाचून आमच्याही अंगावर काटा आला. परंतु ती खबर आणली कोणी? चरित्रकाराने एक नाव टिपून ठेवले आहे: चिमा. हा आउट्रमचा शिकारी. निवडुंगाच्या त्या जाळीत वाघ आहे हे, म्हणजे सर्व गोष्टीचे मूळ, त्याने पाहिले. त्याच्या बापाचे नाव नाही, गाव नाही, तो पुढे कधी व कसा मेला हे नाही. दहा वर्षांच्या रक्तामासाच्या हिशेबात वाघ शेवटच्या नखापर्यंत मोजले गेले, पण हाक्यात किती भिल्ल फाडले गेले, हा रकाना आउट्रमच्या कोणत्याही गुणवर्णनात आम्हांस आढळला नाही.

आम्ही नाशिककर ह्या बाबतीत थोडे हळवे आहो, ह्याचे कारण आहे. येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या माणसांची नावे लिहिली जात आली आहेत. कोठल्याशा खेड्यातील कुणबी बापाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर येतो, तेव्हा उपाध्याय त्याच्या आज्याचे व पणज्याचे नाव वाचून दाखवितो. आणि तर्पणाच्या वेळी, ज्यांस पाणी देणारे कोणी उरले नाही त्यांच्याही नावाने एक ओंजळ सोडली जाते. ह्या रूढीविषयी कोणाचे मत काही असो. परंतु ज्या समाजास मेलेल्याचे नाव लिहून ठेवण्याची एवढी काळजी, त्याच समाजातील शिक्षित मनुष्य शिकाऱ्यावर लेख लिहावयास बसला म्हणजे शंभर माणसांचे काम एकाच्या नावे मांडून मोकळा होतो, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

आकड्यांच्या ह्या पूजेचे पुढे काय झाले ते सर्वश्रुतच आहे. सरगुजाच्या महाराजांनी आपल्या एकट्याच्या नावावर साडेअकराशे वाघ असल्याचे जॉर्ज शॅलर ह्या प्राणिशास्त्रज्ञास कळविले होते. वाघाची लांबी मोजताना पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे मोजपट्टीच आखूड करून आणीत, असा एक प्रवाद आहे. खरा असो वा नसो, तो ज्यांनी उठविला त्यांस हा खेळ कळला होता. १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा महेश रंगराजन ह्या इतिहासकाराचा हिशेब आहे. १९७२ साली देशातील वाघ मोजले तेव्हा ते १,८२७ भरले. आउट्रमच्या खानदेशात आज वाघ म्हणजे मुक्ताईनगरच्या जंगलपट्ट्यातील मोजकी जनावरे, आणि नाशिक जिल्ह्यात तर केवळ ग्रामदैवतांच्या देवळांतील, शेंदूर फासलेले वाघोबा.

येथे जिम कॉर्बेटचे नाव पुढे केले जाईल हे आम्ही जाणून आहो. ते आम्ही आपणहूनच पुढे करतो, कारण ते आमच्या पक्षाचे आहे. कॉर्बेट ता. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात, न्येरी येथे वारला. रुद्रप्रयागचा जो नरभक्षक बिबळ्या त्याने १९२६ साली मारला, त्याच्या नावावर सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे होती. शिकाऱ्यांत त्याच्याइतका आदर दुसऱ्या कोणास मिळाला नाही. ज्या अरण्यात तो हिंडला त्या अरण्यास त्याचे नाव देण्यात आले. पण त्याच्यावर लिहिणारे त्याची जी गोष्ट सांगतात ती त्याने स्वतः सांगितलेली नाही. त्याचे ‘माय इंडिया’ हे १९५२ चे पुस्तक उघडून प्रकरणांची नुसती नावे वाचावी: कुंवरसिंग, मोती, बुधू, चमारी. कुंवरसिंग हा चोरून शिकार करणारा, आणि कॉर्बेटने त्यास आपला गुरू म्हणून सांगितले आहे. चमारी हा मोकामा घाटावर कोळशाची हमाली करणाऱ्यांचा मुकादम, जातीने अस्पृश्य. त्याच्या अंत्ययात्रेचे वर्णन कॉर्बेटने ज्या आदराने केले आहे, तो आदर लाटसाहेबांच्या वाट्यास आलेला नाही. ज्या मनुष्याने अशी पुस्तके लिहिली, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर लिहिताना मात्र पुन्हा तोच एकाकी वीर, तीच बंदूक, तीच काळोखी रात्र! कॉर्बेटची भक्ती करणाऱ्यांनी कॉर्बेट वाचलेला नाही, असे आम्हांस भीत भीत म्हणावेसे वाटते. (तो व्हाइसरॉयांच्या शिकारी जुळवून देत असे, हेही त्यांनी वाचलेले नाही, पण ते असो.)

आउट्रम लष्करी अधिकारी होता आणि कॉर्बेट रेल्वेचा नोकर. शिकार हाच ज्यांचा धंदा, पैसे घेऊन परक्यास वाघ मारून देणे हीच ज्यांची उपजीविका, असे शिकारी आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पुढे आले. त्यांचे एक केंद्र नागपूर होते. विद्याचरण शुक्ल हे पुढे केंद्रात मंत्री झाले आणि आणीबाणीने त्यांची सारी सार्वजनिक स्मृती व्यापून टाकली. परंतु नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ साली पदवी घेतल्यावर त्यांनी प्रथम काढली ती मध्य भारतातील जंगलांत शिकारीच्या सफरी नेणारी ऍल्विन कूपर ही कंपनी. अशा कंपन्या परदेशांत जाहिराती देत, आणि अमेरिकेतून श्रीमंत पाहुणे येत. तंबू, खानसामा, जीप, परवाना, मचाण, सर्व तयार. पाहुण्याने चाप ओढावयाचा. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प निघाला व त्यात आपले मेळघाट पहिल्याच यादीत आले. आणि हा धंदा बुडाला. धंदा बुडाला तशा त्याच्या आठवणी गोड होऊ लागल्या. ज्या गोंड वा कोरकू माणसाने पाहुण्यास वाघ दाखविला, तो दिवाणखान्यातील छायाचित्राच्या कडेला, अर्धा कापला जाऊन, उभा आहे. खाली नावे छापली आहेत ती मधल्या दोघांची, आणि कधी कधी बंदुकीच्या कारखान्याचे.

आता त्या सुस्काऱ्याकडे परत येऊ. पूर्वीचे शिकारी असते तर गंगापूर रोडवर बिबळ्या आला नसता, असे ज्यांस वाटते त्यांनी बिबळ्या कोठून येतो हे एकदा पाहावे. निफाड, सिन्नर, दिंडोरी ह्या तालुक्यांतील उसात त्याची पैदास होते. त्या उसात जन्मलेल्या पिलास अरण्य म्हणजे काय हे ठाऊकच नसते. ऊस तुटला की ते उघड्यावर पडते आणि नाल्याच्या आधाराने कुत्री, डुकरे असतील तिकडे सरकते. कुत्री आणि डुकरे कोठे आहेत? आमच्या कचऱ्याच्या ढिगावर. जेम्स आउट्रम आज सावरकरनगरात उतरला, तर त्यास दोन इमारतींच्या फटीत, हजार माणसांच्या गर्दीत, बंदूक रोखावयास जागा मिळणार नाही. ह्या गर्दीतील निम्मे लोक हातातील फोनने चित्रे घेत उभे असतात. जुन्या हाक्यात निदान शिस्त तरी होती.

जनावर मारूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बिबळ्याने नेली, त्यांत दोन मुले. शेवटी नेमबाजांनी तो बिबळ्या मारला. ज्याच्या घरचे पोर गेले त्यास प्राणिदयेचे पाठ देण्याचे धाडस आम्हांस होणार नाही. परंतु तेथे गोळी झाडणाऱ्यावर कोणी स्तुतिस्तोत्रे रचली नाहीत, आणि ते योग्यच झाले. करावे लागले असे एक काम झाले. उलट नोव्हेंबर २०१८ मध्ये मारल्या गेलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील वाघिणीसाठी जेव्हा हैदराबादेहून धंदेवाईक शिकारी पाचारण करण्यात आले, तेव्हा त्या वाघिणीने घेतलेल्या तेरा बळींची नावे कोणास ठाऊक नव्हती, आणि शिकाऱ्याचे नाव मात्र देशभर सर्वांस पाठ झाले. कोणी त्यास वीर म्हटले, कोणी खुनी म्हटले. दोन्ही पक्षांची नजर बंदुकीच्याच टोकावर खिळलेली होती. तिच्या मागावर महिनोन् महिने राळेगाव-पांढरकवड्याच्या रानांतून जे वनरक्षक व रोजंदारीचे मजूर चालले, त्यांच्यासाठी दोन्ही पक्षांपाशी शब्द नव्हता.

हाच चिमा. दोनशे वर्षे झाली, त्याची जागा बदललेली नाही. सावरकरनगरात जाळे घेऊन जिन्याखाली वाकून पाहणारा मनुष्य तोच आहे. त्याच्या हाती आजही काठीच आहे, आणि जखमींच्या यादीत तो ‘वनकर्मचारी’ म्हणून येतो.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो आमच्याच एका स्नेह्यांनी काढला. ते म्हणाले, नावे गेली ती गेली. आता ती कोठून आणणार? आउट्रमच्या भिल्लांपुरते हे बहुधा खरे आहे. पण १९५० ते १९७० ह्या वीस वर्षांतील नागपूरकडच्या शिकारी तंबूंवर ज्यांनी माग काढले, रेडकू बांधले, हाके घातले, त्यांतील तरुण वयाची माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट येथील गावांत ती विचारणाऱ्यास सापडतील. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात वही घेऊन मुक्काम केला, तसा एखाद्या तरुण लेखकाने ह्या माणसांच्या ओसरीवर करावा. कोणता साहेब कोठे चुकला, कोणाच्या गोळीवर कोणाचे नाव लागले, हाक्यात कोण मेले व त्याच्या बायकोस काय मिळाले, हे सांगणारे लोक ते आहेत. पुढल्या वेळी एखाद्या थोर शिकाऱ्यावर मृत्युलेख आला, तर त्यास जोडून हे टाचण छापण्यास ह्या मासिकाच्या संपादकांनी दोन पाने राखून ठेवावी, अशी आमची त्यांस विनंती आहे. मजकूर पाठविणाऱ्याने प्रत्येकाचे गाव व बापाचे नाव लिहावयास विसरू नये.